एक सहज मत आणि चाळीस किलो मिरच्या

संगणकातलं मला काही कळत नाही, हे मी आमच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे आख्ख्या इमारतीतल्या, प्रत्येकाला किमान तीनदा सांगितलेलं आहे. मी मातीचा माणूस. सोफिया शहरातल्या एका संस्थेत एकोणचाळीस वर्षं मी जंगलातल्या तांबूस मातीत पाणी मुरायला किती वेळ लागतो याचा अभ्यास केला, त्यावर चार पुस्तकं लिहिली, आणि ती चारही संस्थेच्या कपाटात अजून अगदी कोरी करकरीत आहेत. पण लोकांच्या लेखी शास्त्रज्ञ म्हणजे शास्त्रज्ञ. डॉक्टर दिसला की लोक गुडघा दाखवतात, तसं मला लिफ्टमध्ये फोन दाखवतात.

"प्रोफेसर, हा फोन आपलं बोलणं ऐकतो म्हणे. खरं का?"

आमची लिफ्ट इतकी सावकाश चढते, की सहाव्या मजल्यापर्यंत माणूस आरामात तीन मतं देऊ शकतो. मी देत गेलो, आणि तिथेच चुकलं. या मतांपायी माझ्या बायकोची, दाफिनाची, मिरच्यांच्या चुलीपाशी तेहतीस वर्षांची जागा गेली. ती तिला परत मिळावी म्हणून मला काय काय व्हावं लागलं, ते ऐका.

लिफ्टमध्ये तेच तेच सांगून घसा बसायला लागला, तेव्हा मी ठरवलं की दर रविवारी एक पान लिहून खालच्या दरवाजाच्या काचेवर लावायचं. तंत्रज्ञानाची आठवड्यातली एक बातमी आणि तिच्यावर आपलं मत. नाव ठेवलं 'शास्त्रज्ञाचं सहज मत'. काचेवर एका बाजूला पाणी बंदची सूचना असायची, दुसऱ्या बाजूला गेलेल्या माणसांचे फोटो छापलेले, काळ्या चौकटीतले शोकपत्रांचे कागद. मधली जागा मी धरली.

पहिल्या रविवारची बातमी अशी होती, की कोणत्याही प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र निघालंय. मी लिहिलं, 'जो प्रत्येक प्रश्नाला लगेच उत्तर देतो त्याच्यावर माझा भरवसा नाही, मग तो माणूस असो की यंत्र. मातीला प्रश्न विचारला तर ती तीन वर्षं गप्प बसते, आणि मग सांगते की प्रश्नच चुकला.' दुसऱ्या रविवारी एका नव्या महासंगणकाची बातमी होती, दहा वर्षांत येणार म्हणून. मी लिहिलं, 'हीच बातमी मी तीस वर्षांपूर्वी वाचली होती. तेव्हाही दहाच वर्षं राहिली होती.' वाक्यं मला स्वतःला बरी वाटली. संध्याकाळी खाली जाऊन पाहतो तर कोणीतरी लाल पेन्सिलीनं त्यांच्याखाली लिहिलं होतं, 'याला हे कोण सांगतं?'

अक्षर मी ओळखलं. व्हेंको ग्रोझदेव, आमच्या ब्लॉकचा कारभारी. जन्मभर ट्राममध्ये तिकीट तपासनीस होता. निवृत्त झाला, पण माणसाकडे बघायची नजर तशीच राहिली. तुम्ही काहीही सांगा, तो आधी दोन्ही बाजूंनी उलटून बघतो. राहतोही बरोबर आमच्या खाली, पाचव्या मजल्यावर.

तिसऱ्या रविवारी मी आपोआप फिरणाऱ्या झाडूबद्दल लिहिलं. तो झाडू घराचा नकाशा बनवून कुठेतरी पाठवतो, अशी बातमी होती. माझं मत, 'पाठवेना का बापडा. माझ्या घराचा नकाशा शेजाऱ्यांना तोंडपाठ आहे.' यात कोणाला टोमणा नव्हता. पण चौथ्या मजल्यावरच्या त्सोंकाला मुलानं फ्रँकफर्टहून तसाच झाडू पाठवला होता. तिनं तो उचलून बाथटबमध्ये टाकला, वर बादली पालथी घातली आणि बादलीवर लोणच्याच्या पिंपातला दगड ठेवला. नवऱ्याला, खारालांपीला, नऊ दिवस आंघोळ नव्हती. त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

ही त्सोंका म्हणजे आमच्या मागच्या अंगणातल्या चुलीची मालकीण. सप्टेंबर आला की सगळा ब्लॉक तिथे लाल ढोबळ्या मिरच्या भाजतो, सोलतो, टोमॅटोबरोबर कढईत आटवतो आणि हिवाळ्याची ल्युतेनित्सा बरण्यांत भरतो. चुलीच्या उजव्या हाताची खुर्ची दाफिनाची. मीठ किती ते दाफिनानं सांगायचं, थांबायचं कधी ते त्सोंकानं. तेहतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

चौथ्या रविवारी माझं मत भोवलं. व्हेंकोनं खालच्या दरवाजाला नवं कुलूप बसवून घेतलं होतं. किल्ली नाही, प्रत्येकाला एक निळी चिप, ती टेकवली की दार उघडतं. मी सहज लिहिलं, 'असं कुलूप कोण कधी आलं-गेलं याची नोंद ठेवू शकतं. ठेवतंच असं नाही.' यातलं दुसरं वाक्य कोणीही वाचलं नाही, हे मी आज शपथेवर सांगायला तयार आहे.

आमच्या लोकांनी यावर काय करावं? दुसऱ्या देशात लोकांनी तक्रार केली असती, नाहीतर कुलूप बदला म्हटलं असतं. आमच्याकडे कोणी चकार शब्द काढला नाही. पूर्वी इथे भिंतींना कान होते, तेव्हापासूनची सवय आहे ती. तक्रार करायची नाही, घोळ घालायचा. सगळ्यांनी गुपचूप आपापसांत चिपा बदलल्या. कोणाची कोणाशी बदलली हे तिसऱ्याला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही, असं ठरलं. आठवड्याभरात आमच्या ब्लॉकमध्ये कोण कुठे जातंय हे त्या कुलपाच्या बापाला कळलं नसतं.

आणि व्हेंकोनं काय केलं, तर माझा कागद वाचून कुलूपवाल्याला फोन करून विचारलं, "नोंद असते का हो?" तो म्हणाला, असते की. माझा कागद लागेपर्यंत ती बघायचं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. व्हेंकोनं यादी मागवली आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी जिन्यात भरलेल्या सभेत मोठ्यानं वाचायला घेतली.

"खारालांपी. सोमवार, पहाटे चार दहा, आत. मंगळवार, पहाटे चार बारा, आत. बुधवार, चार दहा, आत."

त्सोंका पायरीवरून उठली. "चार बाराला कुठून आलास रे?"

"अगं, मी झोपलो होतो," खारालांपी म्हणाला.

"कुठे?"

"तुझ्या शेजारी!"

"मग यंत्र खोटं बोलतं? त्याला काय गरज?"

"तूच मला रात्रीत तीनदा ढोसलंस, घोरू नकोस म्हणून."

"घोरत कोण होतं ते मला अंधारात काय माहीत."

शेवटी त्या बिचाऱ्याला सांगावं लागलं, की त्यानं चिप सातव्या मजल्यावरच्या बेकरीवाल्या आसेनशी बदलली होती आणि आसेन रात्रपाळी करून पहाटे येतो. त्सोंकानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मला न सांगता करायचं असं काहीतरी होतंच," म्हणाली. खारालांपी दोन पायऱ्या खाली सरकून बसला.

व्हेंको मात्र वाचतच होता. "प्रोफेसर ल्युबेन स्तामातोव्ह. सकाळी नऊला बाहेर. साडेनऊला आत. दुसऱ्या दिवशी, नऊला बाहेर, साडेनऊला आत." त्यानं चष्मा काढला. "महिनाभर असंच आहे."

"पाव आणायला जातो," मी म्हणालो.

"सगळ्यांच्या नोंदी गडबडीच्या, यांचीच तेवढी स्वच्छ," व्हेंको म्हणाला. "नोंद होते हे यांना सगळ्यांच्या आधी माहीत होतं. आणि चिप यांनी एकट्यानंच बदलली नाही. का बरं?"

मला कोणी विचारलंच नव्हतं चिप बदलायला, हे खरं कारण होतं. पण ते चारचौघांत सांगायला जीभ रेटेना. मागून कोणीतरी म्हणालं, "चोराच्या वाटा चोराला ठाऊक." त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की आतले लोक गप्प व्हायचे, दाफिना शिरली तरी तेच. विचार करा, एकोणचाळीस वर्षं मी मातीचे नमुने सोडून कशाचीही नोंद ठेवली नाही, आणि म्हातारपणी मी हेर ठरलो.

माझी अब्रू मी कागदोपत्री परत मिळवायची ठरवली. ती नोंद मी कधी पाहिलेली नाही, असा दाखला कुलूपवाल्या कंपनीकडून घ्यायचा. व्हेंकोही बरोबर आला, माझ्यावर लक्ष ठेवायला. काउंटरवरच्या बाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही नोंद पाहिली नाही, असा दाखला?"

"हो."

"तो द्यायचा तर नोंद कोणी कोणी पाहिली याची नोंद बघावी लागेल. त्यासाठी तुमच्या कारभाऱ्यांचा अर्ज लागतो."

"मी आलोय की," व्हेंको म्हणाला. "पण मी अर्ज करणार नाही. अर्ज केला की माझं नाव नोंदलं जाणार."

बाईनं माझं ओळखपत्र उलटसुलट केलं. "आणि तुम्ही माती-शास्त्रज्ञ? मग तुमचा कुलपाशी संबंध काय?"

हा प्रश्न मी स्वतःला महिनाभर विचारत होतो. आम्ही हात हलवत परत आलो. वाटेत व्हेंको म्हणाला, "तुमची आणि त्या बाईची आधीची ओळख वाटली मला."

इथपर्यंतचं सगळं मी सोसलं असतं. पण सप्टेंबर उजाडला. दाफिनानं बाजारातून चाळीस किलो मिरच्या आणून बाल्कनीत रचल्या आणि चुलीचं बोलावणं यायची वाट बघत बसली. न बोलावता चुलीपाशी जायचं नसतं. शनिवारी खालून धूर यायला लागला, तरी बोलावणं नाही. शेवटी ती आपली खुर्ची उचलून खाली गेलीच. पाच मिनिटांत खुर्चीसकट वर आली.

"जागा नाही म्हणाली त्सोंका," एवढंच बोलली. खुर्ची बाल्कनीत ठेवली आणि मिरच्यांच्या ढिगाशेजारी बसून खाली बघत राहिली. रडली असती तर मला समजूत तरी घालता आली असती. संध्याकाळपर्यंत ती तशीच बसली होती, आणि मला माझ्या चारही मतांची अतिशय लाज वाटली.

"मी जाहीर निवृत्ती घेतो," मी म्हणालो.

तीन दिवस खपून मी निवृत्तीपत्र लिहिलं. गेल्या काही वर्षांत माझ्या हातून इतकं भारदस्त काही लिहून झालं नव्हतं. विज्ञान आणि अफवा यांतला फरक, शास्त्रज्ञाची जबाबदारी, मातीकडून शिकलेला संयम, आणि शेवटी, यापुढे तंत्रज्ञानावर मी कसलंही मत देणार नाही. लिहून झाल्यावर मी रुसून गप्प बसलो. दाफिना कागद घेऊन कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानात गेली. जाताना कपाटातून माझा टाय घातलेला फोटो घेऊन गेली. "निवृत्ती कोणाची, ते कळायला हवं ना," म्हणाली.

शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात सूप पीत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दाफिनानं दार उघडलं आणि बाहेर एकदम हुंदका ऐकू आला. मी फटीतून पाहिलं. त्सोंका दाफिनाच्या गळ्यात पडली होती. हातात चार फुलं. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं एक, तीन, पाच अशी देतात. दोन, चार अशी जोडीनं देतात ती मेलेल्याला.

"देव त्यांना क्षमा करो," त्सोंका म्हणाली. "अगं, कधी? कसं झालं?"

"कालपासून एक शब्द बोललेले नाहीत," दाफिना म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि दफन?"

"कोणाला त्रास नको, अशी त्यांची इच्छा आहे." हेही मी पत्रात लिहिलं होतंच.

"तू काळजी करू नकोस. उद्या सकाळी मिरच्या घेऊन खाली ये. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. आम्ही भाजू."

त्सोंका गेल्यावर मी चपला सरकवून खाली धावलो. जिन्यात कोणी नव्हतं, नशीब. काचेवर माझं निवृत्तीपत्र होतं. अक्षर बारीक, वर टायमधला मी, आणि चारी बाजूंनी बोटभर जाड काळी चौकट. असाच एक कागद बाहेरच्या झाडावर होता, एक बसथांब्यावर. आता काळी चौकट आणि फोटो दिसल्यावर खालचा मजकूर कोण वाचतो? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गद्य तीस ठिकाणी लागलं होतं, आणि एकानंही ते वाचलं नव्हतं.

"त्या दुकानातल्या मुलीनं सवयीनं चौकट टाकली असेल," दाफिना म्हणाली. "ती दिवसभर तेच छापते."

"मग आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांग, मी जिवंत आहे म्हणून."

"सांगते की. मिरच्या झाल्या की सांगते."

शनिवार मी बाल्कनीच्या पडद्याआड काढला. खाली दाफिना उजव्या हाताच्या खुर्चीत बसली होती. कोणी तिला कॉफी देत होतं, कोणी साखर घातलेले उकडलेले गहू माझ्या नावानं वाटत होतं. माझ्या आवडीचे, आणि मला एक चमचा मिळाला नाही. माझ्याबद्दल बरं बोलत होते, पण त्यातही काही दम नव्हता.

"माणूस भला होता," त्सोंका म्हणाली. "बोलायचा जरा जास्त."

"लिहायचा मात्र मन लावून," खारालांपी म्हणाला. "मी कधी वाचलं नाही, पण लिहायचा."

संध्याकाळी दारावर हळूच टकटक झाली. दाफिना अजून खालीच होती. मी पाय न वाजवता दारापाशी गेलो.

"प्रोफेसर," व्हेंकोचा आवाज आला, "मेलेल्या माणसाच्या घरात आज सहा वेळा संडासाचं पाणी सोडलं गेलं. मी मोजलंय."

मी दार इंचभर उघडलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत निरखलं, तिकीट बनावट असल्यासारखं. मग इकडे तिकडे बघून खिशातून फोन काढला आणि फटीतून आत सरकवला.

"कालपासून हा अपडेट करू का विचारतोय. दिवसातून चार वेळा विचारतो. याला एवढी घाई का, मला कळत नाही. आणि तुम्ही तर गेलात. विचारायचं कोणाला?"

मेलेल्या माणसानं निवृत्तीचं वचन मोडलं तर चालत असावं. "रात्रभर चार्जिंगला लावा आणि करून टाका," मी म्हणालो.

"खात्रीनं?"

"माझं आपलं मत."

त्यानं मान डोलावली. फोन घेऊन, कोणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन तो गेला.

रविवारी दुपारपर्यंत मी दम धरला. पण तेवढ्यात खाली खारालांपी भाजलेली मिरची सोलत सांगायला लागला, "जायच्या आदल्या दिवशी प्रोफेसरनी मला एकट्याला सांगितलं, की प्रत्येक फोनच्या आत एक माणूस नेमलेला असतो." असं मी जन्मात म्हणालो नव्हतो. मेल्यावर माणसाला कोणी काहीही म्हणो, पण त्याच्या तोंडी चुकीचं विज्ञान घालायचं म्हणजे काय? मी पायजम्यावर, सपाता घालून सहा मजले जिन्यानं उतरलो आणि चुलीसमोर जाऊन उभा राहिलो.

"मी असं म्हणालो नव्हतो," मी म्हणालो.

कोणी किंचाळलं नाही. कोणाच्या हातून मिरचीसुद्धा पडली नाही. त्सोंकानं कढई ढवळता ढवळता माझ्याकडे पाहिलं.

"आलात? मग ते टोपलं इकडे सरकवा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हेंकोच्या तोंडात तीळ भिजतो होय? काल रात्रीच अख्ख्या ब्लॉकला कळलं." व्हेंको चुलीपलीकडे फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"मग तरीही हे सगळं का?"

त्सोंकानं डाव कढईच्या काठावर ठेवला. "सहा आठवडे मी तुमच्या बाल्कनीकडे बघतेय. हिला जागा नाही म्हटलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण म्हटलं होतं ना. आता आपणहून कोणत्या तोंडानं बोलवायचं? निमित्त नको का काही? तुम्ही मेलात, ते फार बरं झालं बघा."

दाफिनानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चमच्यानं ल्युतेनित्सा चाखली आणि म्हणाली, "मीठ अजून एक मूठ."

सोमवारी मी त्या छपाईच्या दुकानात गेलो. माणूस मेला नसताना त्याला काळी चौकट घालणं हा काय प्रकार आहे, याचा जाब विचारायचा होता. मी आवाज चढवला तशी काउंटरवरची मुलगी घाबरली आणि फायलीतून ऑर्डरची चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षर दाफिनाचं होतं. 'चौकट काळी. जाड. प्रती तीस.'

"मी विचारलं त्यांना," मुलगी म्हणाली, "काका कधी गेले म्हणून. तर म्हणाल्या, 'गेलेले नाहीत गं. पण दीड महिना माझ्याशी कोणी बोलत नाही, मीच मेल्यासारखी झालेय. तू छाप.'"

मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि तिची माफी मागून घरी आलो. दाफिना बरण्या पुसून तळघरात न्यायला दारापाशी लावत होती. मी दोन्ही हातांत दोन-दोन बरण्या घेऊन जिन्यानं न्यायला सुरुवात केली. चौथ्या खेपेला व्हेंको आडवा आला. फोन पुढे करत म्हणाला, "प्रोफेसर, आता हा माझं बोट ओळखायचं म्हणतो. देऊ का याला बोट?"

"वर जा आणि दाफिनाला विचारा," मी म्हणालो. "आमच्या घरात अक्कल तिला आहे."